जॉन वेनचा 'स्विंग आऊट, स्वीट लँड' : भाषणं सोडा, रनिंग ऑर्डर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या अडीचशेव्या वर्षानिमित्त तिथल्या एका मराठी मंडळाला तासाभराचा इतिहासावरचा कार्यक्रम बसवायचा आहे. कुणीतरी नमुना म्हणून काऊबॉयपटांचा नट जॉन वेन याचा १९७० सालचा टीव्ही स्पेशल 'स्विंग आऊट, स्वीट लँड' दाखवला आणि मंडळी गोंधळली. एवढे मोठे कलाकार दोन-दोन मिनिटांपुरते का येऊन जातात? देशभक्तीच्या कार्यक्रमात वॉशिंग्टनची थट्टा चालली कशी? हा प्रचार होता की निव्वळ करमणूक? आणि यातलं आपण काय उचलायचं?

माझं काम व्हरायटी कार्यक्रमांच्या लेखन-दिग्दर्शनाचं. गौरव सोहळे, गाण्यांचे कार्यक्रम, मध्ये स्किट, मध्ये निवेदन. त्यामुळे असं काही समोर आलं की कोण काय बोललं यापेक्षा कशानंतर काय आलं आणि कोणाला कोणतं काम दिलं, याकडे माझी नजर आधी जाते. या कार्यक्रमाच्या बाबतीत तर मी म्हणेन की त्याचं सगळं राजकारण तिथेच आहे. वेनच्या निवेदनात शोधाल तर फारसं हाती लागणार नाही.

अमेरिकेच्या इतिहासातले प्रसंग स्किट आणि गाण्यांतून मांडणारा, वेनच्या निवेदनाचा हा कार्यक्रम रविवारी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी एनबीसी या टीव्ही नेटवर्कवर दाखवला गेला. प्रायोजक बडवायझर बिअर. जॉन वेनला त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्कर मिळालं होतं, म्हणजे तो लोकप्रियतेच्या ऐन शिखरावर. लेखन-निर्मितीत पॉल कीज हा माणूस होता. 'लाफ-इन' या त्या काळच्या तुफान चाललेल्या विनोदी कार्यक्रमाचा तो प्रमुख लेखक आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा मित्र. निवडणुकीच्या धामधुमीत, सप्टेंबर १९६८ मध्ये, निक्सन 'लाफ-इन'मध्ये काही सेकंद झळकले होते, त्यामागेही हाच कीज. हे नातं ध्यानात ठेवा, पण तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

आता कलाकारांचं. पहिलं कारण अगदी धंद्याचं आहे: डेट्स. डीन मार्टिन, बॉब होप, लुसिल बॉल, बिंग क्रॉस्बी, जॉनी कॅश हे सगळे एका दिवशी एका जागी मिळणं अशक्य. म्हणून संहिताच अशी लिहितात की कुठल्याही ताऱ्याचा प्रवेश दुसऱ्या ताऱ्यावर अवलंबून राहणार नाही. प्रत्येकाचा तुकडा स्वतंत्र, सेट स्वतंत्र, पोशाख स्वतंत्र. या, दोन-तीन तासांत टेप करा, निघा. सूत्रधार मागाहून सगळं जोडत जातो. आजही आपल्याकडे सोहळ्यांचे 'ॲक्ट' असेच लिहिले जातात. पाहुणा ऐनवेळी आला नाही तरी कार्यक्रम पडू नये, हा पहिला नियम.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दोन मिनिटांत पात्र उभं करता येत नाही. मग आधीच उभं असलेलं पात्र आणायचं. जॅक बेनी रेडिओच्या जमान्यापासून चिक्कू माणूस म्हणून प्रसिद्ध होता, तेव्हा दंतकथेतल्या वॉशिंग्टननं नदीपार फेकलेला डॉलर सापडणार कुणाला? बेनीला. संवाद फार लागतच नाहीत, त्याचा चेहरा पुरतो. डीन मार्टिनची टीव्हीवरची ओळख म्हणजे हातातला दारूचा ग्लास, आणि 'जिन' हे दारूचंही नाव, म्हणून कापसातली सरकी काढण्याचं 'कॉटन जिन' यंत्र शोधणारा एली व्हिटनी तो. राईट बंधू कोण? 'लाफ-इन'चे रोवन आणि मार्टिन, म्हणजे एक शहाणा आणि एक येडबंबू. सगळ्यात धूर्त खेळी 'बोनान्झा'च्या मंडळींची. एनबीसीची ही काऊबॉय मालिका वर्षानुवर्षं रविवारीच लागायची. तिच्यातला भारदस्त बाप लॉर्न ग्रीन इथे जॉर्ज वॉशिंग्टन होतो. घराघरातल्या प्रेक्षकांनी ज्याला रविवारचा बाप मानलं होतं, त्यालाच राष्ट्राचा बाप करून टाकलं. मालिकेतली त्याची दोन मुलं, डॅन ब्लॉकर आणि मायकेल लँडन, मॅनहॅटन बेटाचा सौदा करतात. लँडन डच अधिकारी पीटर मिन्यूट, आणि ब्लॉकर बेट विकणारा मूळनिवासी.

आता ते साल बघा. व्हिएतनाम युद्ध चालू असताना ३० एप्रिल १९७० ला निक्सन यांनी शेजारच्या कंबोडियातही सैन्य पाठवल्याचं जाहीर केलं. ४ मे रोजी केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्ड या राखीव सैन्याच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. ८ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी युद्धविरोधी मोर्चेकऱ्यांना बडवलं. डोक्यावर हेल्मेट, हातात राष्ट्रध्वज. ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, वॉशिंग्टन शहरात विनोदवीर बॉब होप आणि धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकारानं 'ऑनर अमेरिका डे' झाला, तिथेही युद्धविरोधी तरुण घोषणा देत हजर होतेच. थोडक्यात, घरावर झेंडा लावला की तुम्ही कुणाच्या बाजूचे हे शेजाऱ्याला कळायचं.

अशा वर्षात बिअर विकणाऱ्या कंपनीला आणि नेटवर्कला काय हवं असणार? झेंडा दिवाणखान्यात यावा, पण बापलेकांत भांडण होऊ नये. पाहुण्यांची यादी याच हिशेबानं वाचा. वेन स्वतः उजव्या विचारांचा, व्हिएतनाम युद्धाचा उघड पुरस्कर्ता. त्याच्या कार्यक्रमात टॉमी स्मदर्स आहे! स्मदर्स बंधूंचा कार्यक्रम युद्धविरोधी गाणी आणि राजकीय विनोदांवरून नेटवर्कशी खटके उडत उडत अखेर १९६९ च्या एप्रिलमध्ये सीबीएस या दुसऱ्या नेटवर्कनं बंद केला होता. त्यांच्या जागी सीबीएसनं लेस्ली अगम्स या कृष्णवर्णीय गायिकेचा कार्यक्रम आणला, तोही काही महिन्यांतच गुंडाळला. आणि लेस्ली अगम्सही इथे आहे. म्हणजे ज्याची जागा गेली तो आणि जिला ती जागा मिळाली ती, दोघंही वेनच्या पाहुण्यांत. अशी यादी आपोआप बनत नाही, कुणीतरी टेबलावर बसून फार विचारानं केलेली असते. बघा, आमच्याकडे सगळे आहेत, एवढं सांगण्यासाठी भाषण लागत नाही.

वॉशिंग्टनच्या थट्टेचं म्हणाल तर नीट बघा, थट्टा वॉशिंग्टनची होतच नाही. नदीपार डॉलर फेकल्याची गोष्ट मुळातच भाकड. वॉशिंग्टन यांचं घर होतं त्या माऊंट व्हर्ननजवळ पोटोमॅक नदीचं पात्र जवळपास मैलभर रुंद आहे, आणि अमेरिकेचा चांदीचा डॉलर पहिल्यांदा पाडला गेला १७९४ मध्ये, म्हणजे वॉशिंग्टन तेव्हा साठी उलटलेले राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या पत्नीच्या नातवानं लिहून ठेवलेल्या आठवणीत नदी वेगळी आहे, रॅपाहॅनॉक, आणि फेकलेली वस्तू दगडाची चकती. विनोद या दंतकथेवर आहे आणि बेनीच्या चिक्कूपणावर आहे. ग्रीन आपला गंभीर तो गंभीरच राहतो. हा आमच्या धंद्यातला जुना कायदा: आदरणीय माणसाला सरळ उभं ठेवा आणि हसू बाजूच्याकडून काढा. प्रेक्षक खळखळून हसतो आणि पुतळ्याला ओरखडासुद्धा येत नाही.

व्हॅली फोर्जचा प्रवेश मला सगळ्यात कसबी वाटतो. १७७७-७८ चा हिवाळा, वॉशिंग्टनचं सैन्य पेन्सिल्व्हेनियात तळ ठोकून. रोगराईनं सुमारे दोन हजार सैनिक तिथे मेले. आणि या सैनिकांचं मनोरंजन करायला येतो कोण, तर बॉब होप! होप १९६४ पासून दर ख्रिसमसला व्हिएतनाममध्ये जाऊन सैनिकांसमोर कार्यक्रम करत होता आणि ते एनबीसीवर दिसत होते. त्याला गोठलेल्या शिपायांपुढे उभं केलं की व्हिएतनाम हा शब्द उच्चारायचीही गरज उरत नाही. प्रेक्षक आपणच जोडून घेतो: तेव्हाचे ते शिपाई, आत्ताचे हे शिपाई, एकच रांग. जे युद्ध देशाला फाडत होतं ते स्वातंत्र्ययुद्धाच्या पंगतीत नेऊन बसवलं, आणि तेही विनोद करता करता. याला प्रचार म्हणायचं असेल तर हा उत्तम प्रतीचा प्रचार आहे, कारण पकडायला एक वाक्य सापडत नाही.

आता मुख्य मुद्दा. बरेच जण म्हणतात की या कार्यक्रमात अमेरिकेच्या इतिहासातलं काळं पान लपवलंय. तसं नाहीये. १७७० च्या बोस्टन गोळीबारात पहिल्यांदा पडलेला, आफ्रिकी आणि मूळनिवासी वंशाचा म्हणून ओळखला जाणारा क्रिस्पस ॲटक्स आहे, ती भूमिका ग्रेग मॉरिसनं केलीय. गुलामीतून पळून गेलेला आणि पुढे थोर वक्ता झालेला फ्रेडरिक डग्लस आहे, रॉस्को ली ब्राऊनच्या खर्जातल्या आवाजात. त्या वर्षीच्या प्राइम टाइमसाठी ही लहान गोष्ट नव्हती. अडचण वेगळीच आहे. कार्यक्रमातले तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

व्हिटनीचंच घ्या. १७९३ च्या त्या यंत्रानं कापसातली सरकी झपाट्यानं वेगळी व्हायला लागली, कापूस परवडायला लागला, आणि दक्षिणेत मळे फोफावले. त्या मळ्यांवर राबायला माणसं लागली. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सात लाखांच्या आसपास गुलाम होते, १८६० पर्यंत ते चाळीस लाखांच्या घरात गेले. डग्लस ज्या व्यवस्थेविरुद्ध बोलतो तिला नवं बळ देणारं यंत्र हेच. नाटक असतं तर व्हिटनीच्या प्रवेशातलं हसू डग्लसच्या प्रवेशात लेखकाला फेडावं लागलं असतं. व्हरायटीत ते लागत नाही. हशा येतो, वेन येतो, दोन वाक्यं बोलतो, पुढचा आयटम सुरू. डग्लसला त्याच्या कप्प्यात आदर, व्हिटनीला त्याच्या कप्प्यात हशा. रेल्वेच्या डब्यांसारखं सगळं एका गाडीत, पण मधली दारं बंद.

मॅनहॅटनच्या सौद्याचंही तेच. १६२६ मध्ये बेट साठ गिल्डरच्या मालाला घेतलं, एवढीच नोंद एका डच अधिकाऱ्याच्या त्या वर्षीच्या पत्रात सापडते. खरेदीखत उपलब्ध नाही. 'चोवीस डॉलर' हा हिशेब एकोणिसाव्या शतकातला. तिथल्या मूळनिवासी लेनापे लोकांच्या मनात जमीन कायमची विकण्याची कल्पना होती का, हा प्रश्न इतिहासकार आजही चघळतात. स्किटमध्ये मात्र गंमत घासाघिशीची, आणि ब्लॉकर-लँडनच्या जोडगोळीला लोक आधीच हसायला तयार बसलेले. सहा महिन्यांनी, मे १९७१ च्या 'प्लेबॉय'मध्ये वेनची मुलाखत आली. त्यात त्यानं मूळनिवाशांकडून जमीन घेण्यात काही चूक झाली असं आपल्याला वाटत नाही, असं सांगितलं आणि गोऱ्यांच्या वर्चस्वाबद्दलही जे बोलला ते आज वाचवत नाही. मुलाखतीतला वेन आणि या कार्यक्रमातला सगळ्यांना कवेत घेणारा वेन एकच. मला यात ढोंग दिसत नाही. टीव्हीच्या फॉर्मनं त्याला कुठल्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला लावलं नाही, इतकंच.

सगळ्यात फसलेला तुकडा माझ्या मते बेल्वा लॉकवूडचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खटला चालवणारी ही पहिली स्त्री वकील, १८८४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिलेली, तेव्हा बायकांना बहुतेक ठिकाणी मतदानाचा हक्कही नव्हता. तिची भूमिका दिली फिलिस डिलरला, जिची सारी कॉमेडी विस्कटलेले केस आणि स्वतःच्या रूपाची टिंगल यावर उभी. इथे मघाचा कायदा उलटा फिरवलाय. वॉशिंग्टनला सरळ उभं ठेवलं आणि लॉकवूडबाईंनाच विदूषक केलं. त्याच वर्षी २६ ऑगस्टला मताधिकाराच्या पन्नाशीनिमित्त हजारो बायका न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून मोर्चा काढून गेल्या होत्या. कोणाची थट्टा परवडते आणि कोणाची नाही, हे लेखकांनी अचूक ओळखलेलं होतं.

शेवट 'गॉड ब्लेस अमेरिका'नं होतो. एकेक कलाकार आपापल्या पोशाखात ओळ पुढे नेतो. संकलनाच्या दृष्टीनं बघितलं तर हा तुकडा सुंदर बांधलाय: वेगवेगळ्या वेळी टेप केलेले चेहरे एका सुरावर ओवले की सगळे एकत्र उभे असल्याचा भास होतो. त्या काळी दोन इंची टेपवर हे काम होतं हेही लक्षात घ्या, आजच्यासारखं माऊसनं तुकडे सरकवायची सोय नव्हती.

तर प्रचार की करमणूक? माझं मत असं की व्हाइट हाऊसमधून फोन आला असेल-नसेल, त्यानं फरक पडत नाही. प्रायोजकाची भीती आणि नेटवर्कचा हिशेब एवढ्यानंही हाच कार्यक्रम तयार झाला असता.

आता तुमच्या मंडळाचं. उचलायचं ते कास्टिंगचं तत्त्व, पण त्यांचे तारे नव्हे. तुमच्या प्रेक्षकांतल्या निम्म्यांना जॅक बेनी माहीत नसणार. पण मंडळाचे खजिनदार समोशाच्या बिलात चौदा सेंट जास्त लागले म्हणून तीन ईमेल पाठवतात हे सगळ्यांना माहीत असतं. पोटोमॅककाठी डॉलर त्यांनाच सापडू दे, संवाद न लिहिता हशा येईल.

दोन-दोन मिनिटांचे तुकडे मात्र करू नका. त्यांच्याकडे टेप होती, सेट बदलायला कट होता, आणि हशा ज्या बिनचूक वेळी येतो त्यावरून तो मागाहून चढवलेला वाटतो. तुमच्याकडे शाळेचा ऑडिटोरियम, दोन ग्रीन रूम आणि विगसकट पोशाख बदलायला लागणारी पाच मिनिटं आहेत. दर दोन मिनिटांनी ब्लॅकआउट केलात की तासाभराच्या कार्यक्रमातली वीस मिनिटं अंधारात जातील. पाच-सहाच प्रवेश घ्या, जरा मोठे.

आणि मधली दारं उघडा. व्हिटनी यंत्र फिरवत असताना दिवे न घालवता त्याच रंगमंचावर डग्लसला येऊ द्या. त्यानं ५ जुलै १८५२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात केलेलं भाषण, गुलामाला तुमच्या चार जुलैचं काय, हा त्याचा विषय, ते स्वामित्वहक्कातून कधीच मोकळं झालंय. त्यातले तीन-चार परिच्छेद मराठीत करून घ्या. यंत्र मागे फिरतंच राहू दे.

इथूनच आपला धागा जोडता येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सज्जन लोकांना आहे, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. डग्लसनंतर लगेच ती अर्पणपत्रिका वाचली तर पुण्यातल्या माणसानं अमेरिकेकडे काय म्हणून पाहिलं हे एका मिनिटात कळतं. पुढे फिलाडेल्फिया: जिथे १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच शहरात आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. त्यांना विदूषक करू नका एवढंच सांगतो. नऊवारीतली बाई थंडीत कुडकुडते यावर हशा काढायचा मोह होईल. मूळ कार्यक्रमात स्वातंत्र्यदेवीचा आवाज लुसिल बॉलचा आहे. तुमच्या कार्यक्रमात तो पुतळा फक्त जुन्या स्थलांतरितांपुरता ठेवायचं कारण नाही. ज्या १९६५ च्या कायद्यामुळे आपल्या मंडळींना पुढे मोठ्या संख्येनं अमेरिकेत येता आलं, त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबरला त्याच पुतळ्याच्या पायथ्याशी सही केली होती. त्याआधी, १९४६ नंतर, भारताचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा होता. शंभर खुर्च्या रंगमंचावर मावणार नाहीत, पण सभागृहातल्या शंभर जणांना उभं करता येईल.

निवेदक एकच ठेवा आणि त्याला फक्त 'आणि आता' म्हणणारा करू नका. प्रत्येक प्रवेशानंतर त्यानं मागच्या प्रवेशाबद्दल एक तरी वाक्य बोलावं.

शेवटी गाण्याची व्यावहारिक बाब. 'गॉड ब्लेस अमेरिका' अर्व्हिंग बर्लिननं १९१८ मध्ये लिहिलं आणि १९३८ मध्ये सुधारून बाहेर आणलं. ते अजून स्वामित्वहक्कात आहे, त्याची रॉयल्टी बॉय स्काउट आणि गर्ल स्काउटना जाते. सभागृहाकडे गाणी सादर करण्याचा सरसकट परवाना आहे का हे आधी विचारा. तो असला तरी साधारणपणे गाणं नुसतं गाण्यापुरता असतो, प्रवेशात नाट्यरूपानं वापरायला आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकायला वेगळी परवानगी लागते. ही कटकट नको असेल तर 'अमेरिका द ब्यूटिफुल' घ्या. चाल एकोणिसाव्या शतकातली, शब्दही मुळात तेव्हाचेच, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारलेले; दोन्ही आता स्वामित्वहक्कातून मोकळे आहेत. मात्र कराओकेचा ट्रॅक कुणाचा तरी असतो, तो वापरू नका. तुमच्यातलाच कुणी पेटी-तबल्यावर साथ करेल.